सायक्लोक्रॉसची हिवाळी मालिका : काळ्या मातीत सहा टप्पे कसे बसवायचे?

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आर्वी, पुलगाव, धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे या पट्ट्यातल्या सहा गावांत मिळून यंदाच्या हिवाळ्यात सायक्लोक्रॉसची (वावर-माळावरच्या छोट्या फेरीची सायकल शर्यत, मधे मधे उतरून पळावं लागणारी) मालिका करायचं घाटतंय. एक-एक सुटी शर्यत नको, गुण जमत जाणारी पूर्ण हंगामाची मालिका हवी आहे. नावं साधारण ४० ते ५० येतील. त्यात बहुतेकांकडे २९ इंची हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल), चार-पाच ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्याची, वाकड्या हँडलची सायकल), बाकी शाळकरी पोरं-पोरी ज्यांच्याकडे साधी सायकल. खरी सायक्लोक्रॉस बाइक एकाकडेही नाही.

जागा अशा : दोन गावांत गायरान (ई-क्लास), दोन ठिकाणी सोयाबीन निघालेलं वावर मिळू शकतं, एक शंकरपटाचं (बैलांच्या शर्यतीचं) मैदान, एक नाल्याकाठची जागा जिथे उन्हाळ्यापर्यंत रेती कोरडी असते.

अडलंय ते इथे : कोणत्या जागेवर कोणता टप्पा घ्यायचा, आणि अवकाळी आला तर काय? गुण कसे द्यायचे? चिप टायमिंग परवडणार नाही, मग फेऱ्या मोजायच्या कशा? एमटीबीवर हे होतं का, की उगाच नाव सायक्लोक्रॉस नि धावपळ एमटीबीची? जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

---

फळी-रेती

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो लवकर संपतो. एमटीबीवर होतं. आंतरराष्ट्रीय नियमात टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही आणि सरळ हँडलही चालत नाही, पण ते नियम त्या पातळीच्या शर्यतींसाठी. गावातल्या मालिकेत एमटीबी चालू द्या, फक्त बार-एंड काढायला लावा. सुरुवातीच्या गर्दीत ती शिंगं दुसऱ्याच्या हातात घुसतात. शर्यत सायक्लोक्रॉसची ठरते ती मार्गावरून आणि वेळेवरून : छोटी फेरी, पुन्हा पुन्हा तीच, दर फेरीत दोन-तीनदा उतरून पळावं लागेल अशा जागा, आणि अंतराऐवजी मिनिटांवर संपणारी शर्यत.

मूळ मापं माहीत असू द्या, म्हणजे आपण कुठे सूट घेतोय ते कळेल. फेरी २.५ ते ३.५ किमी, मार्ग सगळीकडे किमान ३ मीटर रुंद, निदान ९० टक्के भाग सायकलवर बसून जाता येईल असा. सुरुवातीची सरळ पट्टी किमान १५० मीटर, ६ मीटर रुंद, टणक. फळ्या (उतरून ओलांडायचे अडथळे) दोन, एकमेकींपासून ४ मीटरवर, उंची जास्तीत जास्त ४० सेंमी, मार्गाच्या पूर्ण रुंदीत.

यातलं तुम्ही बदला ते एकच : फेरीची लांबी. ४० जणांसाठी १.६ ते १.८ किमी पुरे. फेरी लांब केली की राखायला माणसं जास्त लागतात, काटे जास्त वेचावे लागतात आणि पाहणाऱ्याला खेळाडू दहा मिनिटांनी एकदा दिसतो. रुंदी मात्र कमी करू नका. ३ मीटरच्या आत आलात की मागून येणाऱ्याला पुढे जायला जागाच उरत नाही आणि पहिल्या फेरीचा क्रम शेवटपर्यंत तसाच राहतो.

सुरुवातीची पट्टी हीच सगळ्यात महत्त्वाची. एका ओळीत आठ जण, प्रत्येकाला ७५ सेंमी, म्हणजे सहा मीटर झाले. पहिलं वळण अरुंद आणि काटकोनी ठेवलं की तिथे ढीग होणारच. पहिलं वळण रुंद, लांबट ठेवा; पहिला अडथळा त्यानंतर निदान शंभर-दीडशे मीटरने. शंकरपटाचं मैदान या कामाला देखणं : सरळ, धावून टणक झालेलं, दगड आधीच वेचलेले.

फळ्या कशा करायच्या, कारण इथेच जुगाड होतो आणि माणूस पडतो. फळी जमिनीपर्यंत बंद हवी. तुषार संचाचा पाइप आडवा बांधून काम भागवतात, पण त्याच्या खालून पाय किंवा पुढचं चाक घुसतं. २० सेंमी रुंदीच्या दोन पाट्या एकावर एक, मागून आडव्या पट्ट्या मारून, वरची कड रंध्याने गोल करून घ्या. आधाराच्या खुंट्या मार्गाच्या बाहेर, दोन्ही टोकांना. लोखंडी सळई ठोकू नका. वरच्या कडेला पांढरा रंग द्या, सकाळच्या तिरप्या उन्हात मातीच्या रंगाची फळी दिसत नाही. लहान गटाला वरची पाटी काढून २० सेंमी ठेवा.

रेतीबद्दल : १५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २० सेंमी खोल थर टाकायचा म्हटला तर ९ घनमीटर, म्हणजे तीन ब्रासच्या वर. ती आणायची तर रॉयल्टीची पावती हवी, नाहीतर ट्रॅक्टर अडकतो. तुमच्याकडे नाल्याकाठी रेती आहेच, तर रेतीला मार्गाकडे आणू नका, मार्ग रेतीकडे न्या. एकाच टप्प्यात रेती असली तरी चालतं. रेतीत शिरायची वाट सरळ ठेवा. रेतीच्या तोंडाशी वळण दिलं की पुढचं चाक आडवं होतं आणि माणूस हँडलवरून जातो.

---

बरडवाला

फळी-रेती भाऊनं मापं बरोबर सांगितली, पण ते बेल्जियमच्या मातीतले मापं हाये, जिथं हा खेळ गाजते. तिथला बराचसा चिखल रेताड, चाकावर बसते नि फिरता फिरता गळून जाते. आपली काळी माती तशी नाई. ओली झाली का फुगते नि चिकटते. टायर नि फोर्कच्या मधात पंचवीस-तीस मीटरात असा गोळा बसते का चाक फिरतच नाई. मंग पोरगा जोर लावते, मागचा डिरेलर (गिअर बदलनारा भाग) चेनसंगं ओढल्या जाते, त्याले फ्रेमले धरनारा हँगर तुटते. एका शर्यतीत पाच हँगर तुटले तं दुसऱ्या टप्प्याले पाच जण कमी.

म्हणून पह्यलं जमीन पाहा. तुमच्या सहा जागांतून गायरान जर बरड असंन, म्हणजे वर मुरूम नि पातळ माती, तं ते सोनं समजा. पाऊस पडला तरी चार-सहा तासांत चालते.

सोयाबीनच्या वावराचं असं हाये. ओलिताचं वावर तुमाले भेटनारच नाई, सोयाबीन निघालं का लगेच हरभरा पेरते. भेटन ते कोरडवाहू, एकाच पिकाचं. ते नोव्हेंबरात घ्या, डिसेंबरच्या मधापर्यंत. त्याच्यानंतर भेगा पडते. भेग चार बोटं रुंद झाली का ग्रॅव्हलचं चाक अख्खं आत जाते, नि भेग चाकाच्या दिशेनं गेली असली तं माणूस सुटतच नाई. भेगा बुजवाच्या असन तं वखराची एक पाळी द्या, हलकं पाणी शिंपा, दुसऱ्या दिवशी खाली ट्रॉली दोनदा फिरवा. नुसती माती लोटून भेग बुजत नाई, चार चाकं गेले का पुन्हा उघडी.

आता तुरीचं नि पऱ्हाटीचं (कपाशीचं). तुरीचा पट्टा जिथं होता तिथून मार्ग नेऊच नका. तूर विळ्यानं तिरपी कापते, वीतभर खुट राह्यते, ते भाल्यावानी असते. टायर फाडते, सीलंटनं (भोक बुजवाले टायरात भरते त्या औषधानं) बुजत नाई, नि पडला तं पायात घुसते. पऱ्हाटीचे खुट तसेच. रोटाव्हेटर फिरवला असन तरी एकदा पायी पाहा लागते, अर्धे खुट मातीखाली लपून राह्यते.

झटका मशीनचं कोनी बोललं नाई अजून. रानडुकरापायी धुऱ्यानं तार ओढलेली असते. मार्गाच्या दोन्ही बाजूचे शेतमालक कोन हाये ते पाहून आदल्या दिवशी प्रत्येकाशी बोला, नि शर्यतीच्या सकाळी स्वतः जाऊन मशीनचा बटन बंद पाहा. "बंद हाये" म्हटल्यावर भरवसा ठेवू नका. कोनी थेट लाईनचा करंट सोडत असन तं ते जागाच सोडा. शेततळ्याच्या प्लास्टिकपासूनही मार्ग दूर ठेवा, त्याच्यात पडलेला माणूस आपल्या हातानं वर येत नाई. नि झाडावर आग्या मोहोळ हाये का ते पाहून ठेवा. लाउडस्पीकर त्या झाडाखाली नको.

वावरवाल्याचंही पाहा. पन्नास जण, सहा-सहा फेऱ्या, तीन मीटरची पट्टी दगडावानी होते. शर्यत झाल्यावर तेवढ्या पट्टीले नांगरटी मारून द्याची, ट्रॅक्टरचा खर्च आपला. हे आधी बोलून ठेवलं तं पुढच्या साली तेच वावर पुन्हा भेटते.

---

तिसरी-फेरी

वर्धाकाठ भाऊ, गुण आणि वेळनोंदणीचं मी सांगते.

युरोपात हंगामी मालिकांच्या दोन पद्धती आहेत. सुपरप्रेस्टिज १९८२ पासून चालते. तिथे पहिल्याला १५, दुसऱ्याला १४, असं पंधराव्याला १ गुण. दुसरी पद्धत वेळेची, बेल्जियमच्या ट्रॉफी मालिकेसारखी : प्रत्येक टप्प्यात पहिल्यापासून किती मागे राहिला ती वेळ जमा होत जाते, आणि एका टप्प्याचं नुकसान पाच मिनिटांवर रोखतात. वेळेची पद्धत तुमच्यासाठी नाही. ती हातमोजणीवर उभी राहत नाही, आणि आपल्याकडे एका काट्याने पाच मिनिटं जातात.

पण १५ ते १ हेही जसंच्या तसं घेऊ नका. चाळीस जणांत पंचवीस जण प्रत्येक टप्प्यात शून्यावर राहतील आणि तिसऱ्या टप्प्याला येणार नाहीत. असं करा : ४०, ३६, ३३, ३१, ३०, मग सहाव्यापासून प्रत्येकी एक कमी. चौतिसाव्याला १ येतो, त्यापुढे जो शर्यत पूर्ण करेल त्याला १. सुरू करून सोडली तर ०. वरच्या फरकामुळे जिंकण्याला किंमत राहते आणि खालच्यालाही एक जागा वर सरकण्यात रस राहतो.

सहापैकी सर्वोत्तम पाच धरा. लग्न, आजारपण, कापूस वेचणी, काहीतरी निघतंच. समान गुण झाले तर आधी जास्त टप्पे कोणी जिंकले, मग शेवटच्या टप्प्यात कोण पुढे. शेवटच्या टप्प्याला दुप्पट गुण देऊ नका. त्याने आधीचे पाच टप्पे स्वस्त होतात.

उभं राहण्याचा क्रम हाच मालिकेचा खरा गाभा. पहिल्या टप्प्यात चिठ्ठ्या टाका. दुसऱ्यापासून एकूण गुणांच्या क्रमाने आठ-आठच्या ओळी. गुणांत सहावा आहे म्हणून या टप्प्याला पहिल्या ओळीत, हे माणसाला पुन्हा आणतं, बक्षिसापेक्षा जास्त.

फेऱ्या किती, हे आधी जाहीर करू नका. मोठ्या शर्यतीत पुरुषांची शर्यत साधारण एक तास असते. तुमच्याकडे मुख्य गटाला ४० मिनिटं ठेवा, महिलांनाही ४०, सुरुवात वेगळी आणि गुणतक्ता वेगळा. १४ वर्षांखालच्यांना १५ मिनिटं, अर्ध्या फेरीवर. पहिल्या दोन फेऱ्यांत पुढच्या खेळाडूची वेळ घ्या. समजा फेरीला ६ मिनिटं ४५ सेकंद लागले; ४० मिनिटांत सहा फेऱ्या बसतात, साडेचाळीस मिनिटांवर शर्यत संपते. तिसऱ्या फेरीपासून शेवटच्या रेषेवर पाटी लावायची : उरल्या ४, मग ३, २, १. शेवटच्या फेरीला घंटा. शाळेची घंटा मागून आणा, भोंगा नको. भोंगा सुरुवातीसाठी ठेवला की घोळ होत नाही.

हातमोजणीला दोन माणसं कमी पडतात, तीन हवीत. एक फक्त नंबर मोठ्याने म्हणतो, दुसरा ओळीने लिहितो, तिसरा फक्त पहिल्या खेळाडूवर लक्ष ठेवतो आणि तो रेषा ओलांडला की लिहिणाऱ्याला नवी आडवी रेघ मारायला सांगतो. त्या रेघेमुळेच नंतर कळतं की कोण एका फेरीने मागे आहे. वेळ प्रत्येकाची लिहू नका, क्रम लिहा. वेळ पहिल्या तिघांची पुरे. बाजूला तिकाटण्यावर मोबाईल, रेषेकडे तोंड करून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ. वाद झाला तर तोच पंच. मोबाईल आधी रिकामा करा आणि एअरप्लेन मोडवर टाका, फोन आला की काही मोबाईलवर रेकॉर्डिंग थांबतं.

नंबर पाठीवर एक पुरत नाही. वाकलेल्या माणसाची पाठ दिसत नाही. रेषेच्या ज्या बाजूला लिहिणारे बसणार त्या बाजूच्या दंडावरही नंबर हवा. सहाही टप्प्यांना एका माणसाचा एकच नंबर.

मागे पडलेल्यांचं : आंतरराष्ट्रीय शर्यतीत ८० टक्क्यांचा नियम लावतात. पुढच्याची पहिली फेरी ६:४५ ची असेल तर तिच्या ८० टक्के म्हणजे ५:२४ इतकं मागे पडलेल्याला बाहेर काढतात. तुम्ही काढू नका. ज्या फेरीत पहिला संपवेल त्याच फेरीत सगळे संपवतात, आणि 'एक फेरी कमी', 'दोन फेऱ्या कमी' असा क्रम लागतो. पैसे भरून पन्नास किलोमीटरवरून आलेल्याला पंधराव्या मिनिटाला बाहेर बसवण्यात काही अर्थ नाही.

---

फळी-रेती

ताई, शेवटच्या मुद्द्यावर थोडा वेगळा आहे मी. रेतीचा टप्पा असेल किंवा नाल्याचा उतार असेल तिथे फेरीने मागे पडलेले अडकून राहतात आणि पुढच्यांची लढत तिथेच मरते. त्या एका टप्प्यात अशा मागे पडलेल्यांना शेवटच्या दोन फेऱ्यांआधी काढावं, आणि काढताना असलेला क्रम त्यांना द्यावा, म्हणजे गुण बुडत नाहीत.

---

तिसरी-फेरी

क्रम देणार असाल तर हरकत नाही, पण ते शर्यतीआधी सगळ्यांसमोर सांगा आणि काढायची जागा एकच ठेवा, शेवटच्या रेषेच्या अलीकडे. मधूनच कुणी काढलं की लिहिणाऱ्यांचा हिशेब तुटतो.

---

स्पोक-तारा

सायकलीचं कोणी सविस्तर घेतलं नाही म्हणून.

पंक्चर हाच तुमचा पहिला शत्रू. सराटा, बाभळीचा काटा, बोरीचा काटा. २९ × २.१ किंवा २.२५ ट्युबलेस असेल तर प्रत्येक चाकात ९० ते १०० मिली सीलंट, ४० मिमीच्या आतल्या ग्रॅव्हल टायरमध्ये ५० ते ६०. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते लवकर आटतं, म्हणून तिसऱ्या टप्प्यानंतर व्हॉल्व्हचा कोअर काढून आणखी ३० ते ४० मिली भरा. टायरमध्ये काटा दिसला तर शर्यतीआधी उपटू नका. तो स्वतःच बूच असतो. घरी गेल्यावर, सीलंट ओलं असताना काढा आणि ते भोक खाली येईल असं चाक ठेवा.

हवा : ६५ किलोच्या माणसाला २.१ ट्युबलेसमध्ये पुढे २०-२१, मागे २३-२४ पीएसआय. ट्यूब असेल तर २८ ते ३०च्या खाली जाऊ नका, धुऱ्यावरचा दगड लागला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि दोन समांतर चिरा पडतात. ग्रॅव्हलच्या ३८-४० मिमीला ३० च्या आसपास. सकाळी सातला गारठ्यात भरलेली हवा अकराच्या उन्हात एक-दोन पीएसआयने वाढलेली असते, तेव्हा आपल्या गटाच्या वेळेआधी पुन्हा मोजा. पायपंपाचा काटा २० च्या खाली बहुधा भरवशाचा नसतो. डिजिटल गेज क्लबात एक असला तरी सगळ्यांचं भागतं.

गिअर : एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), ३२ दाती, मागे ११-४२ असेल तर काहीच करू नका. तीन चेनरिंगच्या स्वस्त एमटीबीत चेन पडणं हा नेहमीचा रोग. कारण सायकल उचलून पळाल्यावर ती जमिनीवर आपटली जाते आणि क्लच नसलेला डिरेलर चेनला ताण देत नाही. उपाय फुकट आहे : मधल्या चेनरिंगवर ठेवून पुढच्या डिरेलरचे दोन्ही लिमिट स्क्रू आत घ्या, म्हणजे तो जागचा हलत नाही आणि चेनला दोन्ही बाजूंनी कुंपण मिळतं. मागचे सात गिअर पुरतात. खाली ठेवताना आपटायचं नाही, मागचं चाक आधी टेकवायचं.

बाटलीचा पिंजरा काढा, दोन्ही. ४० मिनिटांत पाण्यावाचून अडत नाही, आणि पिंजरा असला की खांद्यावर घेताना फ्रेममध्ये हात जात नाही. लहान फ्रेमच्या एमटीबीला खांदा नीट बसत नाहीच. अशा वेळी डाउनट्यूब (फ्रेमची खालची तिरपी नळी) हाताने धरून कमरेशी उचला. फळ्यांना तेवढं पुरतं, नाल्याच्या चढाला मात्र खांदाच लागतो.

उतरण्याची पद्धत पोरांना पहिल्या टप्प्याआधी दोन रविवार शिकवाच. फळीच्या दहा-बारा मीटर आधी ब्रेक दाबून वेग आवरायचा, उजवा पाय सीटवरून मागून डावीकडे आणायचा, उजवा हात टॉपट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर), मग डावा पाय सोडायचा. फळी आली की ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर पुढचं चाक फळीच्या अलीकडेच अडून सायकल उलटते. चढताना सीटवर उडी मारायची नाही; उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर घसरवत बसायचं. आधी गवतावर चालत, मग हळू धावत, फळ्या सगळ्यात शेवटी. खिळ्यांचे फ्लॅट पेडल असतील तर नडगीला फुटबॉलचे गार्ड बांधा.

शाळेच्या सायकली, मुलींना सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या, त्यांचा वेगळा गट करा आणि फळ्या-रेती वगळा. टोपली, कॅरिअर, मडगार्ड काढून टाका. मडगार्डमध्ये ओली माती बसली तर चाक जागेवर थांबतं. स्टँडही काढा, खड्ड्यात तो खाली येतो. ब्रेकचे रबर बदलायला दहा मिनिटं लागतात, त्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं करू नका.

पिटमध्ये (मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागी) टप्प्यागणिक एवढं असू द्या : चेन तोडायची हत्यारं आणि ८-९-१० स्पीडचे जोडलिंक, चार-पाच प्रकारचे हँगर (कोणत्या सायकलला कोणता, ते नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवा), २६ आणि २९ च्या ट्यूब, प्लग किट, दोन पंप. दुसरी सायकल कुणाकडे नसणार, तेव्हा पिटमध्ये चाक बदलणं, ट्यूब घालणं चालू द्या. नियम एकच कडक ठेवा : पिटकडे पुढच्याच दिशेने पळत जायचं, मागे फिरायचं नाही. मार्ग असा आखा की एकाच पिटच्या दोन्ही अंगांनी फेरीत दोनदा जाणं होईल; मग कुठेही पंक्चर झालं तरी जास्तीत जास्त अर्धी फेरी पायी.

माती काढायला १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप फार कामाचा. पण तो नवा आणि याच कामापुरता ठेवलेला हवा. वापरलेला पंप कितीही धुतला तरी नळीत आणि वायसरात औषध राहतं, आणि इथे ते तोंडावर उडणार. काळी माती पंपाच्या दाबाने निघतही नाही, आधी बांबूच्या कमचीने खरवडायची, मग पाणी. ओल असण्याची शक्यता असेल तर फोर्कच्या आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्यांच्या) आतल्या बाजूला गोडेतेलाचा बोळा फिरवा. डिस्कच्या आसपास तेल नेऊ नका.

---

वर्धाकाठ

फार उपयोगाचं. सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. मार्गाच्या कडा कशाने आखायच्या? आमच्याकडे जुन्या ठिबकच्या नळ्या पडल्या आहेत, त्या बांबूला बांधल्या तर? आणि तारखा कशा ठरवू?

---

बरडवाला

ठिबकची नळी चालते नं, फुकटची हाये, वाऱ्यानं तुटत नाई.

---

फळी-रेती

तुटत नाही हाच तिचा दोष. १६ मिमीची नळी हँडलच्या टोकात अडकली की माणसाला मागे खेचते, आणि सोबत चार बांबू उपटून येतात. सरळ भागात फक्कीची रेघ पुरे. नळी फक्त प्रेक्षकांच्या बाजूला, मार्गापासून दोन मीटर बाहेर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तुटणारी प्लास्टिकची पट्टी. बांबू सव्वा मीटरचा, फूटभर जमिनीत, वरचं टोक पेऱ्यावर कापलेलं आणि चिंधी गुंडाळलेलं. वळणावर दर दोन मीटरला, सरळ भागात दर दहाला. झाड, दगड, विहिरीचा कठडा टाळताच येत नसेल तर कुटाराची (भुशाची) पोती बांधा, उंची छातीपर्यंत. कुटार दाबून भरू नका, सैल असलं तरच धक्का झेलतं.

---

तिसरी-फेरी

तारखांचं. दोन आठवड्यांच्या अंतराने सहा टप्पे म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ७० दिवस. नोव्हेंबरच्या मध्याला सुरू केलंत तर जानेवारीच्या शेवटाला संपतं, आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे, तेव्हा त्यापुढे जाऊच नका. दर आठवड्याला टप्पा ठेवला तर मोडलेला भाग नागपूरहून मागवायलाही वेळ मिळत नाही. संक्रांतीचा आठवडा सोडा.

क्रम असा लावा : पहिला शंकरपटाच्या मैदानावर, कारण पुढे जानेवारी-फेब्रुवारीत ते पटासाठी लागेल. दुसरा आणि तिसरा सोयाबीनच्या वावरांत, भेगा पडण्याआधी. चौथा नाल्याकाठी. पाचवा-सहावा गायरानावर. गायरानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसील कार्यालयाला पत्र महिनाभर आधी, पोलीस ठाण्याला वेगळं. प्राथमिक आरोग्य केंद्राला तारीख कळवा, १०८ ची गाडी शेतापर्यंत येईल अशी पांदण आधी पाहून ठेवा. पांदणीत बंडी (बैलगाडी) लावलेली असते, ती त्या सकाळी काढायला सांगा. मनगट आणि गळपट्टीचं हाड, या दोन दुखापती या खेळात होतात. स्प्लिंट आणि झोळी पेटीत ठेवा. हेल्मेटशिवाय सरावालाही सोडू नका. पहिला गट आठनंतर, अंधारात रानाकडेच्या वाटेने पोरं यायला नकोत.

---

बरडवाला

पावसाचं राह्यलं. दोन्ही वावरांसाठी पाच किलोमीटरच्या आत एक बरड जागा राखीव धरून ठेवा, फळ्या नि बांबू ट्रॉलीत चढवून नेता येते. निर्णय शनिवारी चार वाजता, एकाच माणसानं घ्याचा. वावरात वीस पावलं चाला. जोड्याले दोन बोटं थर चढला का जागा बदला, ऊन पडन म्हणून वाट पाहू नका. वरून सुकलेली दिसते नि चाकानं पापुद्रा फुटला का खाली तसाच लगदा. थर चढला नाई पण माती मुठीत दाबून गोळा होते, तं पह्यला गट दहा वाजता काढा नि फेऱ्या एक कमी करा.